अवघड कशाला म्हणायचं?

‘ब्लू डेव्हिल्सचं सोपं असतं, म्हणून ते जिंकतात.’ आमच्या ढोल-ताशा पथकात हे वाक्य इतक्या वेळा झालंय की आता त्यावर कोण काय बोलणार हेही ठरून गेलंय. सराव संपतो, ढोल भिंतीकडेला लागतात, कुणीतरी मोबाईलवर ड्रम कोरचा, म्हणजे ब्लू डेव्हिल्ससारख्या अमेरिकन पथकाचा, एखादा शो लावतो आणि दहा मिनिटांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, हाताला काम किती आणि पायाला काम किती ते बघा, बाकी सगळी सजावट. दुसऱ्या तटाचं म्हणणं, अंगावर काटा आला की नाही एवढंच बघा, टिपऱ्या मोजत बसायला आपण इथे आलोय का? मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. तिथं उभ्या-उभ्या बोलताना ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी अनगोळची. दिवसा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला असते, म्हणजे मशीनवरून उतरलेला माल मोजायचा आणि पास-नापास करायचा. संध्याकाळी ताशा. आमच्या घरात वाद्य आलं ते मामांमुळे. मामा निपाणीकडच्या खेड्यातले, फौजेत बँडला साइड ड्रम वाजवायचे. रिटायर होऊन घरी आल्यावर त्यांनी मला ताशाच्या काड्या धरायला शिकवलं ते ड्रमच्या पद्धतीनं. ‘अगे, मनगट सैल सोड. काडी आपली आपण उडतीया, तू फकस्त तिला अडवू नको.’ ही एक गोष्ट अंगात मुरायला मला फार काळ लागला, आणि आज नव्या पोरींना शिकवताना मी याच वाक्यापासून सुरुवात करते.

ज्यांनी ड्रम कोर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण बाविशीच्या आतल्या पोरापोरींची पथकं उभी राहतात. मुख्यतः पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारा ताफा. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही. अमेरिकन फुटबॉलच्या अख्ख्या मैदानावर चालत, धावत, रचना बदलत दहा-बारा मिनिटांचा एकच शो वाजवायचा, आणि तोच एक शो पूर्ण हंगाम घासत राहायचा. रात्री बसमध्ये, झोप एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेच्या फरशीवर, सकाळी पुन्हा मैदान. ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही त्यांची मुख्य स्पर्धा भरवणारी संस्था. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि अॅनाहाइम किंग्समेन जिंकले. ब्लू डेव्हिल्स हे कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचं पथक. त्यांनी वीसहून जास्त वेळा ही स्पर्धा जिंकलीय. इतकं जिंकणाऱ्यावर ‘सोपं’ हा आरोप होणारच, पण आरोप नुसत्या जळफळाटातून आलेला नाही, त्यात विचार करण्यासारखं काही आहे. त्याकडे येते.

आधी गुणांचं बघूया, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे. सुरुवातीची बरीच वर्षं तिथं वजाबाकीची पद्धत होती. परीक्षक वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळून फिरायचे आणि चूक दिसली की कागदावर खूण करायचे. त्या खुणेला ‘टिक’ म्हणत. एका टिकला एक दशांश गुण गेला. कुणाची काडी पुढं पडली, टिक. कुणाचं पाऊल मागं राहिलं, टिक. या पद्धतीत शहाणा माणूस काय करेल? जिथं चुकायची शक्यता आहे ते बसवणारच नाही. १९८४ पासून ही पद्धत बंद झाली आणि शून्यापासून वर चढवत गुण द्यायला लागले. आज शंभरापैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्याला आणि ३० संगीताला. तालवाद्यांच्या परीक्षकाचा कागद २० गुणांचा असतो, पण संगीताच्या तिन्ही कागदांची बेरीज निम्मी होते, त्यामुळे शंभरात त्याचं वजन १० उरतं. महत्त्वाची गोष्ट पुढंच आहे. परीक्षकाच्या कागदावर दोन रकाने असतात. एकात काय बसवलंय ते, दुसऱ्यात ते कसं वाजवलं ते. अवघड बसवलं आणि कच्चं वाजवलं तर पहिल्या रकान्यात मिळेल, दुसऱ्यात जाईल. सोपं बसवून लखलखीत वाजवलं तर उलट.

कागदावर ही व्यवस्था मला एकदम पटते. आम्ही कारखान्यात ड्रॉईंग वेगळं बघतो आणि नग वेगळा मोजतो, तसंच हे. भांडण उरतं ते पहिल्या रकान्याचं. ‘काय बसवलंय’ याचं वजन कशात करायचं? आमची पोरं ते ठोक्यांच्या संख्येत करतात. अमेरिकेतले रसिकही बहुतेक तेच करतात. स्नेअर ड्रमवाल्यांनी (स्नेअर म्हणजे मामांचा साइड ड्रमच) एका दमात किती काड्या मारल्या, कुठल्या लयीत मारल्या, तेव्हा पाय किती लांब पडत होते. हे मोजायला सोपं आहे म्हणून मोजलं जातं. पण अवघडपणा तेवढाच असतो का?

आता आम्ही पथकात करून बघितलेली एक गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

ड्रम कोरमध्ये बास ड्रम सहसा पाच असतात. पाच आकारांचे, पाच स्वरांचे, पाच जणांच्या गळ्यात. एक जण एक ड्रम. एखादा तुकडा वरच्या स्वरापासून खालच्या स्वरापर्यंत घसरत येतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं एकाच माणसानं हात फिरवला. प्रत्यक्षात पाच माणसांनी एकेक ठोका टाकलेला असतो. मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली आणि एका ठोक्याचे चार भाग केले, तर एकेक भाग सेकंदाचा बारावा हिस्सा होतो. म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्शात माझा ठोका पडला पाहिजे आणि पुढच्या बाराव्या हिश्शात शेजाऱ्याचा. मधे फट राहिली तर धार तुटते. दोन ठोके जवळ आले तर अडखळल्यासारखं वाजतं.

आम्ही पाच ढोल घेतले. दोऱ्या कमी-जास्त ताणून पाच वेगळे आवाज काढले. लय अगदी संथ ठेवली, आमचा लहान मुलांचा हात, म्हणजे ठेका, असतो त्याहून संथ. पाच जण उभे केले आणि म्हटलं, एकापाठोपाठ एक, प्रत्येकी एकच टिपरू. त्यात तिसऱ्या ढोलावर तोच पोरगा होता जो सगळ्यात मोठ्यानं ‘ब्लू डेव्हिल्स सोपं’ म्हणतो. गडी ताकदीचा आहे, मिरवणुकीत चार-चार तास ढोल उतरवत नाही. पण तो काय करायचा, तर दुसऱ्याचं टिपरू पडलेलं ऐकायचा आणि मग आपलं मारायचा. ऐकून मारलं की उशीर झालाच. त्याचं ऐकून चौथा मारायचा, त्याला आणखी उशीर. पाचव्यापर्यंत येता येता तुकडा रबरासारखा लांबायचा. यावर इलाज एकच, शेजाऱ्याची वाट बघायची नाही. पाचही ठोके आपल्या डोक्यात चालू ठेवायचे आणि आपल्या जागेवर आपला टाकायचा, शेजारी चुकला तरी. ‘ताई, एकच तर टिपरू मारायचंय की ओ, तेवढंबी जमंना झालंय,’ असं तो कळवळून म्हणाला. पोरगं घामाघूम झालं होतं.

एक टिपरू. ठोक्यांच्या हिशेबात त्याचं वजन शून्याच्या जवळ. पण त्या एका टिपऱ्याला लपायला जागा नाही. साठ ढोलांच्या गजरात एखादा ढोल थोडा मागं-पुढं झाला तर कुणाला कळत नाही, गजर त्याला पोटात घेतो. पाचजणांच्या धारेत तिसरा चुकला तर सगळ्या मैदानाला कळतं. माझ्या मते पहिल्या रकान्यात हेच मोजलं पाहिजे. वाजवणाऱ्याला लपायला जागा किती ठेवलीय? जेवढी कमी जागा, तेवढं ते अवघड.

कारखान्यात नवीन आलेल्या पोरांना गुंतागुंतीचं कास्टिंग बघून दडपण येतं. दहा भोकं, चार पोकळ्या, वेडेवाकडे काठ. पण त्याच्या बऱ्याच मापांना अर्धा-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. शेजारच्या ट्रेमध्ये साधी गोल पिन पडलेली असते, बोटाएवढी, बघायला काहीच नाही. तिला चार-पाच मायक्रॉनची सूट असते. रोज नापास कोण होतं, तर ती पिन. ड्रम कोर बघताना मला ती पिन सारखी आठवते. हळू वाजलेली तर्री, म्हणजे काड्यांचा सलग दाट नाद, दोन ठोक्यांमधली रिकामी जागा, सगळ्या स्नेअरनी मिळून काडी जेमतेम पानावर टेकवलेली. दिसायला काही नाही आणि सूट जवळजवळ शून्य. शिवाय ड्रमच्या पानांचंही ऐका. आजच्या मार्चिंग स्नेअरवर केव्हलरची पानं असतात. तीच केव्हलर जी गोळी अडवणाऱ्या जाकिटात असते. ती इतकी ताणलेली असतात की प्रत्येक काडी सुटी ऐकू येते. काही झाकलं जात नाही.

आता पायांबद्दल, कारण ठोके मोजणाऱ्या तटाचा सगळा जोर पायांवर असतो. त्यात तथ्य आहेच. त्यांचं नेहमीचं पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचं. लय १८० असेल तर सेकंदाला तीन पावलं. गळ्यात ड्रम, अंगावर पूर्ण पोशाख, ऑगस्टचा उन्हाळा. तरीही मला पायांपेक्षा कानांचं काम मोठं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान सुमारे ४९ मीटर रुंद असतं. झायलोफोन, मरिंबा वगैरे वाद्यं पुढच्या काठावर मांडलेली असतात, चालणारे ड्रम मागं असतात. दोन्हींत ३० मीटर अंतर पडलं असं धरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मागच्या ड्रमचा आवाज पुढं पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा हिस्सा लागतो. आता वरचा हिशेब आठवा. १८० च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग तेवढाच असतो. दोघांनीही संचालकाच्या हाताकडं बघून एकदम बरोबर वाजवलं, तर प्रेक्षकांना मागचे ड्रम ठोक्याचा एक पूर्ण चौथा भाग उशिरा ऐकू येतील. म्हणून पुढचे लोक हाताकडं बघून वाजवत नाहीत. ते मागून येणाऱ्या आवाजाला कान लावतात आणि तो पोचला की त्यात आपलं मिसळतात. मागचे ड्रम मात्र संचालकाच्या हाताला धरून राहतात. शो चालू असताना ड्रम पुढं-मागं, डावी-उजवीकडं सरकत असतात, म्हणजे ही फट दर क्षणी बदलते. आणि सगळं उंच बसलेल्या परीक्षकाला एकसंध ऐकू आलं पाहिजे.

हे कळल्यावर आमच्या मिरवणुकीचं एक जुनं दुखणं मला उमगलं. पुढं ताशे, मागं ढोलांच्या रांगा, पथक लांब पसरलं की लय का ओढली जाते? मागचा ढोलवाला ताशा ऐकून मारतो, त्याला तो उशिरा पोचलेला असतो. त्याचा ढोल आमच्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. तीस मीटरच्या पथकात ताशेवाल्याला ढोल जवळपास पावणेदोन दशांश सेकंद मागं ऐकू येतो. मग तो नकळत थांबतो, ढोल आणखी मागं जातो. गणपत गल्लीसारख्या अरुंद जागी दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो तेव्हा तर विचारू नका. आता आम्ही मागच्या रांगांना सांगितलंय की कान नाही, डोळे. मधे हात वर करून उभा असतो त्या वादनप्रमुखाकडं बघा. फरक लगेच कळला.

आता कलेच्या तटाकडं. त्यांचा आवडता दाखला २००८ चा. फँटम रेजिमेंट या पथकानं ‘स्पार्टाकस’ केलं, गुलामांचं बंड मैदानावर उभं केलं. प्रेक्षक वेडे झाले आणि ते जिंकले. ९८.१२५ विरुद्ध ब्लू डेव्हिल्सचे ९८.१००. एका गुणाच्या चाळिसाव्या हिश्शाचा फरक. आमच्यातली कलेवाली मंडळी म्हणतात, बघा, शेवटी भावनेनं गणित हरवलं. मलाही तो शो फार आवडतो, शेवटी डोळे भरून येतात. पण गणित हरलं असं मला दिसत नाही. दोन्ही पथकं इतकी तयार होती की फरक उरला तो केसाएवढा. काटा आणणारा शो कच्चा वाजला असता तर तो ९८ पर्यंत आलाच नसता. काटा येतो तोही नेमकेपणातून येतो, हे या मंडळींना मान्य करायला जड जातं.

माझा स्वतःचा दाखला त्याहून जुना आहे. १९९३, स्टार ऑफ इंडियाना. मामांनंतर मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर या शोनं. सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक यांचं संगीत, त्यात बार्बरचं ‘मेडिया’. ऐकायला सोपं नाही, गुणगुणता येईल असं फारसं काही नाही. दोन वर्षं आधी, १९९१ मध्ये, हेच पथक जिंकलं होतं, म्हणजे लोकांना काय आवडतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी हे निवडलं. प्रेक्षकांत उभी फूट पडली. मिसिसिपीतल्या जॅक्सनला अंतिम फेरी झाली आणि स्टार हरले. जिंकलेलं पथक कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. एक दशांश. वजाबाकीच्या जमान्यात त्याला एक टिक म्हणाले असते. त्या हंगामानंतर स्टारनं स्पर्धा सोडली. त्याच लोकांनी पुढं रंगमंचावर ‘ब्लास्ट!’ उभं केलं आणि २००१ मध्ये त्याला अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला.

मी तो शो पहिल्यांदा लावला तेव्हा आमच्यातले निम्मे पाच मिनिटांत उठून गेले. राहिलेल्यांना मी म्हटलं, चित्राकडं बघू नका, फक्त रिकाम्या जागा ऐका. तिथं वाद्यं थांबतात, सगळी एकाच क्षणी थांबतात, आणि मग एखादा बारीक आवाज सुरू होतो. अख्ख्या पथकानं एकाच क्षणी थांबायचं आणि एकाच क्षणी शांततेत पाय ठेवायचा, याला किती धैर्य लागतं! जोरात वाजवताना चूक झाकली जाते, आणि शांततेत प्रवेश करताना पहिली काडी अर्धवट पडली तर संपलं. या शोला ‘कलात्मक, पण सोपा’ म्हणणाऱ्यानं एकदा बारा ताशांची तर्री हळू आवाजात एकदम सुरू करून दाखवावी. जोरात सुरू करायला आमची आठवडाभराची पोरंही शिकतात. हळू आवाजात सुरू करायला आमचे जुने हात अजून धडपडतात.

मग ब्लू डेव्हिल्सवरच्या आरोपाचं काय? मला जे दिसतं ते सांगते. ते पथकाला बऱ्याचदा थांबवून वाजवतात. सगळ्यात कठीण तुकडा येतो तेव्हा ड्रमवाल्यांचे पाय शांत असतात किंवा हालचाल छोटी असते, आणि चालणं मोठं असतं तेव्हा हाताला कमी काम असतं. पायांच्या हिशेबात हे हलकं पडतं यात शंका नाही. तेवढे गुण मी कमी देईन. पण थांबून जे वाजवतात त्यात लपायला जागा ठेवत नाहीत. एकेका वाद्याला उघडं पाडतात, एकेका माणसाकडून अभिनय करवून घेतात, अंग वाकवून, मान फिरवून. २०१४ च्या त्यांच्या ‘फेलिनीएस्क’ला ९९.६५ मिळाले, इतके गुण आजवर कुणालाच मिळालेले नाहीत. तो शो मी आवाज बंद करून पाहिला, मग चित्र बंद करून ऐकला. चित्र बंद केल्यावर मला त्यात सोपं काही सापडलं नाही. म्हणून मी ठामपणे म्हणते की ‘सोपं’ हा शब्द तिथं चुकीचा आहे. अवघडपणा कुठं ठेवायचा ते त्यांनी निवडलंय, एवढंच खरं. ती निवड तुम्हाला आवडत नसेल तर तसं म्हणा, मी ऐकेन.

एक गोष्ट मात्र मला ठोके मोजणाऱ्या तटाची मनापासून पटते. हंगामाच्या शेवटी काही पथकं अवघड तुकडे सोपे करून टाकतात, ठोके काढून घेतात, म्हणजे वाजवायला स्वच्छ येतं. रसिक त्याला पाणी घालणं म्हणतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. पोरांनी दोन महिने ज्याच्यासाठी मनगटं झिजवली तो तुकडा शेवटच्या आठवड्यात काढला तर त्यांच्या हाती काय राहतं? आपल्याकडंही हेच होतं. अनंत चतुर्दशी जवळ आली की ‘हे काढा, ते काढा, साधा हात घ्या’ सुरू. मी त्या वेळी नेहमी भांडते.

आपल्या भागातल्या स्पर्धांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेळगावात झेंडा चौकातल्या सार्वजनिक गणपतीची सुरुवात लोकमान्य टिळकांनी १९०५ साली केली. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत कपिलेश्वर तलावाकडं सरकत असते. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना अख्खी रात्र पुरत नाही. एवढं वाजवणारं गाव, पण वाजवण्याबद्दल बोलायची सवय आपल्याला नाही. आमच्या भागातल्या एका स्पर्धेत आम्ही मधे सोळा आवर्तनं फक्त ताशांची हळू तर्री आणि एक टोल एवढंच ठेवलं होतं. हातात काय चाललंय हे दिसत नव्हतं, ऐकावं लागत होतं. बक्षीस गेलं. नंतर एक परीक्षक म्हणाले, ‘सगळं चांगलं हो, मधे जरा पडलं.’ मधे जे होतं ते सगळ्यात कठीण होतं. पोरींनी त्याच्यासाठी पावसात छपराखाली उभं राहून सराव केला होता. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात आणि त्याचं मला वाईट वाटतं. परीक्षकांना गुणांचा कागद दिला होता, त्यात गणवेश होता, शिस्त होती, वेळ होती, ‘वादन’ असा एकच रकाना होता. काय बसवलं आणि कसं वाजवलं हे वेगळं करायला जागाच नव्हती. तेवढी एक रेघ कागदावर मधे मारली तरी आपल्या स्पर्धा बदलतील असं मला मनापासून वाटतं. आयोजकांना काही खर्च नाही त्यात.

आणि हळू वाजवणं आपल्याला परकं आहे असंही नाही. मामा मला लहानपणी कुर्ली-अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेला न्यायचे. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, ढोल-कैताळ. धनगरी ढोल पहिल्यापासून तुटून पडत नाही. एक ठोका टाकतो, थांबतो, पाऊल पडू देतो, मग दुसरा. मामा म्हणायचे, ‘ह्यो थांबलाय तवा बघ, त्याचा हात कुठं हाय.’ हात हवेत, अगदी स्थिर. तिथल्या म्हाताऱ्या वादकाला कुणी ‘मधे पडलं’ म्हणायची हिंमत करणार नाही.

यंदाच्या आमच्या बसवणीत हळू तर्री आहेच, शिवाय पाच ढोलांची ती धारही घेतलीय. धार दोनदा येते, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. ठेवायची की काढायची यावर परवा बराच वाद झाला. तिसऱ्या ढोलाचा गडी म्हणाला, ‘ठेवूया ताई, पन धार संपली की सगळ्यांनी मिळून जोरात पायजेत, न्हाईतर लोकं हलत न्हाईत.’ मला मान्य आहे. लोक हलले पाहिजेत. मी एकच अट घातली, जोराचा गजर धारेच्या शेवटच्या ठोक्यावर चढायचा नाही, एक पूर्ण मात्रा रिकामी जाऊ द्यायची. तो म्हणाला, एवढी मोठी जागा रिकामी ठेवली तर कुणीतरी आधीच टिपरू मारणार. मारेल. म्हणूनच सराव चालू आहे, लय सध्या ९० वर, रोज थोडी वर नेतोय. ब्लू डेव्हिल्सबद्दल त्याचं मत अजून तेच आहे, आणि काल पुन्हा त्यावरून आमचं अर्धा तास भांडण झालं.